गिरणी, विमान आणि उसाचा फड

दसरा झाला की आमच्या गेवराईत रात्री-अपरात्री ट्रकांची आणि ट्रॅक्टरांची घरघर सुरू होते. पत्र्याची पेटी, पातेली, पांघरुणं, एखादी शेळी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली पोरंबाळं. माणसं ऊसतोडीला निघालेली असतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-नगरकडे, कुणी पार कर्नाटकात. पाडव्याच्या आगेमागे ती परत येतात. जाताना अंगावर पिणारं मूल परत येईपर्यंत चालायला लागलेलं असतं. ते कुठल्या फडात पहिलं पाऊल टाकून उभं राहिलं, हे कधी कधी आईलाही ठाऊक नसतं, कारण त्या वेळी ती मोळ्या बांधत असते.

आज मला बोलायचं आहे ते मात्र वैमानिकांविषयी. तुम्ही म्हणाल, गेवराईत कुठलं आलं विमान? आमच्याकडे सोलापूर-धुळे रस्ता आहे, गोदावरी आहे, जायकवाडीचा कालवा आहे. विमान काय ते वरून जाताना दिसतं. पण मूल लहान असताना आईबापांनी किती काम करायचं, कधी करायचं आणि हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न विमानात बसलेल्या बाईलाही पडतो आणि फडात वाकलेल्या बाईलाही. या प्रश्नाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर गिरणी, विमान आणि उसाचा फड या तीन जागा एका ओळीत येतात. तीच ओळ आज आपण धरू.

सुरुवात एका विलायती खटल्यापासून करतो. ब्रिटिश एअरवेजमध्ये जेसिका स्टार्मर नावाची एक सहवैमानिक होती. तिचा नवराही त्याच कंपनीत वैमानिक. मुलगी झाल्यावर तिनं कंपनीकडे अर्ज केला की, मला निम्मं काम द्या, पगारही निम्मा द्या. कंपनीनं निम्म्या कामाला नकार दिला आणि पाऊण वेळ काम करावं, असं सुचवलं. पुढे कंपनीनं सुरक्षिततेचं कारणही सांगितलं. ज्या वैमानिकाचे उड्डाणाचे दोन हजार तास भरलेले नाहीत, त्यानं निम्म्या वेळेवर काम केलं तर त्याचा सराव कमी पडेल, असं कंपनीचं म्हणणं. जेसिकाचे तेवढे तास भरलेले नव्हते.

प्रकरण कामगार न्यायाधिकरणापुढे गेलं. २००५ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला आणि त्याच वर्षी अपिलातही तो कायम राहिला. न्यायाधिकरणाचा युक्तिवाद आपणही समजून घेण्यासारखा आहे. पाऊण वेळ किंवा पूर्ण वेळ काम कराच, ही अट वरवर पाहता सगळ्यांना सारखी आहे. पण लहान मुलांचा भार समाजात प्रामुख्यानं बायकांवर पडतो. त्यामुळे या अटीचा फटका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त बसतो. मग अशी अट का हवी, याचं सबळ कारण कंपनीनं द्यायला हवं. पाऊण वेळ काम करणारा वैमानिक सुरक्षित आणि निम्मा वेळ काम करणारा असुरक्षित, याचा पुरेसा पुरावा कंपनी देऊ शकली नाही. अट सारखी असली, तरी तिचा परिणाम सारखा नसेल, तर तो भेदभावच, असा या निकालाचा सारांश.

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ पासून सहा वर्षांखालच्या मुलांच्या आईबापांना कामाची वेळ बदलून मागण्याचा हक्क मिळाला होता. पण तो मागण्याचा हक्क होता, मिळण्याचा नव्हे. मालकानं अर्जाचा विचार करायचा आणि ठरावीक कारणांपैकी एखादं कारण दाखवून तो नाकारायचा, ही सोय कायद्यातच होती. जेसिका जिंकली ती स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धच्या कायद्यानं. पुढे त्या देशात हा मागण्याचा हक्क वाढत गेला. २०१४ मध्ये तो मुलं असोत-नसोत, सहा महिने नोकरी झालेल्या सगळ्या नोकरदारांना मिळाला आणि २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळाला. नेदरलँड्सनं तर २००० मध्येच कामाचे तास कमी-जास्त करून घेण्याचा कायदा केला होता.

आता कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची कौतुकं. पण हा प्रश्न आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता, आणि तोही मुंबईच्या कापड गिरण्यांत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. कोकणातून, घाटावरून आलेल्या या बायका. दिवसाचे दहा-दहा तास काम. घरी तान्हं मूल, सांभाळायला कोणी नाही. मग काय करायचं? बाळगोळी द्यायची. बाळगोळीत अफू असे. ती दिली की मूल दिवसभर झोपून राही. १९२२ च्या सुमारास सरकारच्या वतीनं डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच कामकरी आया मुलांना अफू देतात, असं आढळलं. त्या आया निर्दय नव्हत्या. गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी थांबत नव्हता, म्हणून मुलाला थांबवावं लागत होतं.

त्याच्या थोडं आधी, १९१९ मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टन इथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेले होते ते कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. या परिषदेनं प्रसूतीविषयीचा एक करार संमत केला. त्यात प्रसूतीच्या रजेबरोबर आणखी एक तरतूद होती. अंगावर पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मोकळा मिळावा. आज आपण ज्याला कामाची लवचीक वेळ म्हणतो, तिचं बीज या दोन अर्ध्या तासांत आहे. कामाच्या घड्याळात मुलाचीही वेळ असते, हे जगानं तिथे कागदावर मान्य केलं. ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही.

पण मुंबईत प्रयत्न चालू राहिले. मुंबई कायदेमंडळात आर. एस. आसवले यांनी असंच विधेयक मांडलं. त्याला पाठिंबा देताना २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण झालं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या अर्थी हे राष्ट्राचं हित आहे, त्या अर्थी खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा. मात्र बायकांच्या श्रमातून मालकाचाही फायदा होतो, म्हणून मालकाची जबाबदारीही सुटत नाही. हा कायदा १९२९ मध्ये झाला आणि तो देशातला या प्रकारचा पहिला कायदा ठरला.

पुढे काय झालं? तेही सांगायला हवं, कारण इतिहासातला हाच भाग आपण विसरतो. सरकारनं खर्चाचा वाटा उचलला नाही. तो सारा मालकावर पडला. बायकांना रात्रपाळीची बंदी होतीच. नवी यंत्रं येत होती. मग मालकांनी हिशेब केला आणि बायकांना कामावर घेणं हळूहळू कमी केलं. पुढच्या तीन-चार दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घटत घटत नगण्य झालं. याला कायदा हे एकच कारण नव्हतं, पण ते एक कारण होतं. आईच्या हक्काचा खर्च एकट्या मालकाच्या खिशातून काढला, की मालक आईलाच दारात उभं करत नाही. बाबासाहेबांनी खर्चाचा मोठा वाटा सरकारवर का टाकायला सांगितला होता, ते यावरून कळतं.

आणि त्या काळात आमची गेवराई कुठे होती? ती मुंबई इलाख्यात नव्हतीच. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे मुंबईच्या गिरणीतल्या बाईला १९२९ मध्ये जो कायदा मिळाला, तो गोदावरीच्या या काठापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

पण त्याच हैदराबाद संस्थानात एक वेगळी गोष्ट घडली. स्वातंत्र्याच्या सुमारास हैदराबादला डेक्कन एअरवेज नावाची विमान कंपनी होती. प्रेम माथुर या तरुणीनं १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. बऱ्याच कंपन्यांनी तिला दार दाखवलं. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसणार नाहीत, अशी त्यांना धास्ती. अखेर तिला काम दिलं ते डेक्कन एअरवेजनं. १९४९ मध्ये तिनं राष्ट्रीय हवाई शर्यतही जिंकली. त्याआधी १९३६ मध्ये सरला ठकराल यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला होता, तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या आणि त्यांना चार वर्षांची मुलगी होती. म्हणजे आपल्या देशात विमान उडवणाऱ्या सुरुवातीच्या बायकांपैकी एकीची ओळखच मुळी एका लहान मुलीची आई अशी आहे. पुढे त्यांनी व्यावसायिक परवान्याची तयारी सुरू केली. पण १९३९ मध्ये पती अपघातात गेले, महायुद्ध सुरू झालं आणि ते शिक्षण तिथेच राहिलं.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा झाला. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या देण्याची तरतूद त्यात आली. वॉशिंग्टनचे ते दोन अर्धे तास बेचाळीस वर्षांनी भारताच्या कायद्यात उतरले. कारखान्यांच्या कायद्यात पाळणाघरही आलं. कागदावर चित्र सुधारलं. पण विमानात?

मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाचा त्या वेळचा नियम ऐका. हवाई सुंदरीनं वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली. आणि पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी गेली. यातलं जे आधी घडेल ते. तिच्याच शेजारी उभं राहून प्रवाशांना चहा देणारा पुरुष कर्मचारी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत. या नियमाविरुद्ध नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयात सुरू झालेलं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि ऑगस्ट १९८१ मध्ये न्या. फाजल अली यांच्या पीठानं निकाल दिला. दिवस गेले म्हणून नोकरीवरून काढणं हे अन्यायाचं आहे, ते निसर्गक्रमाच्या विरुद्ध आहे आणि भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असं न्यायालयानं म्हटलं. तो नियम रद्द झाला.

मात्र हा विजय अर्धाच होता. पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयानं योग्य ठरवली. पहिल्याऐवजी तिसऱ्या गर्भारपणाला नोकरी संपेल, असा बदलही न्यायालयाला मान्य होता. कुटुंब नियोजनाचा तो काळ होता. बाईचं लग्न आणि तिचं मूल हा मालकानं आणि सरकारनं मिळून ठरवायचा विषय आहे, ही समजूत तेव्हाच्या न्यायालयालाही पुसून टाकता आली नव्हती.

याच काळात वैमानिकाच्या खुर्चीत मात्र बाई बसू लागली होती. इंडियन एअरलाइन्समध्ये १९६० च्या दशकात दुर्बा बॅनर्जी आल्या. मग आल्या आपल्या सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता-सिल्चर मार्गावर फोकर विमान निघालं. कॅप्टन सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन आणि बाकीचे कर्मचारीही महिलाच. सर्व महिला चमूचं ते पहिलं उड्डाण. याच निवेदिता भसीन १ जानेवारी १९९० रोजी बोइंग ७३७ विमानाच्या कॅप्टन झाल्या, तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. जगाच्या नागरी विमानवाहतुकीत जेट विमानाची धुरा सांभाळणाऱ्या त्या सर्वांत तरुण महिला ठरल्या. त्या दिवशीचा मार्ग होता मुंबई-औरंगाबाद-उदयपूर. म्हणजे हा विक्रम आमच्या गेवराईहून दीड-दोन तासांवर असलेल्या चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरून पुढे गेला. त्या वेळी आमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं?

आज वैमानिकांमध्ये महिलांचं प्रमाण भारतात सुमारे पंधरा टक्के असल्याचं सरकारी आकडेवारी सांगते. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. या एका बाबतीत आपण अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहोत. याचं श्रेय एकत्र कुटुंबातल्या आजी-आजोबांना बरंचसं जातं, असं मला वाटतं. सून विमान घेऊन दिल्लीला गेली तर नातवाला घास भरवणारं माणूस घरात असतं. पण घरातल्या म्हातारीच्या कंबरेवर देशाची विमानसेवा किती दिवस चालवायची?

वैमानिकाची नोकरी आठ ते पाचची नसते. महिन्याचं वेळापत्रक कंपनी ठरवते. पहाटे तीनला गाडी दारात येते, रात्र परगावच्या हॉटेलात जाते. मूल आजारी पडेल त्या दिवशी घरी राहता येईलच असं नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर हीच नोकरी वाटून घ्यायला सोपी आहे. वैमानिकानं किती तास उडायचं, किती विश्रांती घ्यायची, हे आधीच नियमानं ठरलेलं असतं. सराव टिकावा म्हणून नव्वद दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून तीन वेळा उतरवावं लागतं आणि ठरावीक काळानं कृत्रिम विमानात परीक्षा द्यावी लागते. महिन्यातले पंधरा दिवस काम करणाऱ्यालाही हे सगळं आरामात पुरं करता येतं. म्हणजे अडचण यंत्राची नाही, वेळापत्रक करणाऱ्याच्या इच्छेची आणि माणसांच्या संख्येची आहे. माणसं मोजूनमापून ठेवली, तर विश्रांतीचा साधा नियमसुद्धा जड जातो. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

त्याच इंडिगोनं महिला वैमानिकांना एक सवलत दिल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत महिन्यातले दोन आठवडे सुटी घेता येईल, असा करार त्यांना निवडता येतो. ही चांगली गोष्ट आहे. पण ती कंपनीनं दिलेली सवलत आहे, कायद्यानं दिलेला हक्क नाही. कायदा काय देतो? २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. रजेनंतर घरून काम करण्याचीही तरतूद आली, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक कबूल असेल तर. विमान काही घरून उडवता येत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी नोकरीच्या काळात एकूण ७३० दिवसांची रजा मिळू लागली. खासगी नोकरीत तसं काही नाही. आणि सव्वीस आठवड्यांच्या रजेचा पगार पुन्हा बहुतेक ठिकाणी एकट्या मालकाच्याच खिशातून जातो. १९२९ नंतर गिरण्यांत जे झालं, ते लहान-मोठ्या कचेऱ्यांत पुन्हा होणार नाही, याची खात्री कोण देईल? मुलाखतीला आलेल्या मुलीला लग्न कधी करणार, असं अजूनही विचारलं जातंच.

आता पुन्हा आमच्या ट्रकांकडे येतो. ऊसतोडीत मजुराचा हिशेब माणसावर होत नाही, कोयत्यावर होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. पहाटे अंधारात काम सुरू होतं. गाडी भरायला कधी मध्यरात्री उठावं लागतं. एक दिवस काम चुकलं की तो खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. तापानं फणफणलेल्या पोराजवळ आई थांबली, तर तोही खाडाच.

वैमानिक बाईनं निम्मा पगार घेऊन निम्मं काम मागितलं. आमच्या बाईनं निम्मं काम मागितलं, तर तिचा अख्खा कोयताच मोडतो. मग मूल कोण सांभाळतं? कोपीपुढे बसलेली आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. आईच्या कामाची वेळ बदलत नाही, म्हणून त्या बहिणीच्या शाळेची वेळ हुकते. एका पिढीचा खाडा वाचवायला दुसऱ्या पिढीचा खाडा होतो. त्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. या सगळ्याचा उपयोग आहेच. पण वसतिगृहात शाळेचं मूल राहतं, अंगावरचं राहत नाही.

या घड्याळानं बाईच्या शरीराचं काय केलं, ते २०१९ मध्ये सगळ्या देशाला कळलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागे वैद्यकीय कारणं होती, काही ठिकाणी वैद्यकीय लोभही होता. पण मासिक पाळीत, दुखण्यात, अशक्तपणात खाडा पडू नये, ही भीतीही होती. मुंबईच्या गिरणीतली आई कामाच्या वेळेसाठी मुलाला अफू देत होती. इथे बाईनं स्वतःचा अवयव दिला. शंभर वर्षांत आपण इतकंच अंतर चाललो का?

कायदा या बायकांसाठी काही म्हणतो का? म्हणतो. मार्च २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायकांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, नोकरी कायम असो वा रोजंदारीची, बाळंतपणाचा लाभ मिळालाच पाहिजे. रस्त्यावर खडी वाहणाऱ्या बाईचं बाळंतपण वेगळं नसतं. राज्यघटनेच्या ४२ व्या कलमात कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती व प्रसूती साहाय्य यांचा उल्लेख आहेच. पण दिल्लीच्या बायकांना मालक कोण ते ठाऊक होतं. आमच्या बाईचा मालक कोण? मुकादम म्हणतो, मी फक्त मध्यस्थ. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. बाईचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही. उचल नवऱ्याच्या नावावर. ज्याला मालक नाही, त्यानं रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा?

या शंभर वर्षांच्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, सवलत आणि हक्क यांत फरक आहे. सवलत चांगल्या दिवसांत मिळते आणि वाईट दिवसांत जाते. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नाही, ती घटनेची मागणी आहे आणि संगोपन रजा तिचाच भाग आहे. नर्गिस मिर्झांच्या निकालापासून इथपर्यंत यायला त्रेचाळीस वर्षं लागली. पण आलो.

दुसरी गोष्ट खर्चाची. मूल एकट्या आईचं नसतं, तसंच ते एकट्या मालकाचंही नसतं. खर्च समाजानं वाटून घेतला नाही, तर कायद्यानं दिलेलं मालक मागच्या दारानं काढून घेतो. ऊसतोडीत तर प्रत्येक पोत्यामागे साखर मोजली जाते, टनामागे ऊस मोजला जातो. त्यातले काही पैसे फडाजवळच्या पाळणाघरासाठी आणि बाळंतिणीच्या बुडालेल्या मजुरीसाठी बाजूला पडणं अशक्य नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ राज्यात आहे, टनामागे पैसे काढण्याचं तत्त्वही मान्य झालेलं आहे. मग त्या पैशांतून पहिला हिस्सा तान्ह्या मुलाच्या आईला का मिळू नये?

तिसरी गोष्ट बापाची. जेसिकाचा नवराही वैमानिक होता आणि तिथल्या कायद्यानं वेळ बदलून मागण्याचा हक्क त्यालाही होता. आपल्याकडे अजून ही सगळी चर्चा आईभोवतीच फिरते. कोयता दोघांचा असतो, मग मूल एकटीचं कसं? बापालाही वेळ मागता आली, तर बाईला कामावर घ्यायला मालक बिचकणार नाही. तिचा भार आणि तिच्यावरचा शिक्का, दोन्ही हलके होतील.

दोन अर्धे तास. १९१९ मध्ये जगानं कामकरी आईला देऊ केलेली वेळ ती इतकीच होती. मुंबईच्या कचेरीत आज ती कायद्यानं आहे. आकाशातल्या बाईनं न्यायालयात जाऊन त्याहून जास्त मिळवली. येत्या दसऱ्याला गेवराईच्या नाक्यावरून ट्रक निघतील, तेव्हा त्यातल्या तान्ह्या मुलाच्या आईला निदान ते दोन अर्धे तास खाडा न धरता मिळावेत, एवढी मागणी काही फार मोठी नाही. मुकादमाशी करार होतो तो दसऱ्याच्या आधी. तेव्हा हा विषय बोलायचा असेल, तर तो गावात आणि ग्रामसभेत त्याच्याही आधी बोलला पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)